‘मोठा खेळ’ नावाची थाप

क्रिकेटची मोठी मॅच जवळ आली की आठवडाभर आधीपासून टीव्हीवर तोफा धडाडायला लागतात. महासंग्राम, महामुकाबला, आरपारची लढाई... बॉलर मारा करतात, शेवटची जोडी किल्ला लढवते आणि हरलो की ती शरणागती. सोमवारी ऑफिसला जावं तर तिथेही तेच. रिलीज तोंडावर आलं की कॉन्फरन्स रूमच्या दारावर ‘वॉर रूम’ अशी पाटी लागते आणि आत दहा जण थंडगार पिझ्झा चावत लॉग बघत बसतात. अरे बाबांनो, सर्व्हर पडलाय. कुणी मेलेलं नाही.

आता कुणी म्हणेल, बोलायची पद्धत आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? मान्य. मॅचला युद्ध म्हणणं हा फार तर बालिशपणा झाला. पण ही भाषा उलट्या बाजूनेही चालते. युद्धाला मॅच म्हणणं हा बालिशपणा नाही, तो धंदा आहे. आणि त्या धंद्यात खरीखुरी माणसं गेली आहेत. त्यातल्याच एकाबद्दल आज लिहायचं आहे. नाव ब्रूस स्लॉस. ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा खेळाडू, पहिल्या महायुद्धातला लेफ्टनंट. आपल्याकडे त्याचं नाव कुणी ऐकलेलं असायचं कारण नाही. पण त्याच्या आयुष्याचं पुढे जे केलं गेलं, ते मात्र आपल्या चांगलंच ओळखीचं आहे.

आधी थोडं त्या खेळाबद्दल, कारण फुटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोल चेंडू आणि मेस्सी येतो. हा तो नव्हे. हा लंबगोल चेंडूने, क्रिकेटच्या प्रचंड मैदानावर, हिवाळ्यात खेळायचा खेळ. एका बाजूला अठरा खेळाडू. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू मारला तर गोल, त्याचे सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर ‘बिहाइंड’, त्याचा एकच गुण. ऑफसाइड वगैरे भानगड नाही. लाथेने उडालेला चेंडू झेलला की त्याला ‘मार्क’ म्हणतात. मग तुम्हाला कुणी अडवू शकत नाही, आरामात उभं राहून किक मारायची. त्यामुळे एकमेकांच्या खांद्यावर चढून झेल घेणारे महाभाग या खेळात देव मानले जातात.

या खेळाच्या जन्माचीच एक मजेदार गोष्ट आहे. १८५८ च्या जुलैमध्ये टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने मेलबर्नच्या एका क्रीडा साप्ताहिकाला पत्र लिहिलं. हिवाळ्यात क्रिकेटवाले सुस्तावतात, तेव्हा एक फुटबॉल क्लब काढा, आणि ते जमत नसेल तर निदान रायफल क्लब तरी काढा, असा त्याचा सल्ला होता. म्हणजे चेंडू आणि बंदूक पहिल्या दिवसापासून शेजारी शेजारी. लोकांनी चेंडू निवडला आणि १८५९ साली मेलबर्नमध्ये या खेळाचे पहिले नियम कागदावर उतरले. रायफलीची पाळी नंतर आली.

ब्रूस स्लॉसचा जन्म १८८९ चा, मेलबर्नचाच. तो मोठा होईपर्यंत या खेळाने शहराला पुरतं वेड लावलं होतं. १८९७ पासून व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू झाली होती आणि शनिवारी दुपारी हजारो लोक आपापल्या उपनगराच्या क्लबसाठी घसा फोडून ओरडायचे. आपल्याकडे गिरगाव विरुद्ध दादर अशी दर आठवड्याला मॅच असती तर जे झालं असतं, ते. १९०७ आणि १९०८ साली स्लॉस एसेन्डनकडून खेळला, १९१० पासून साउथ मेलबर्नकडून. व्हिक्टोरिया राज्याच्या संघातही त्याची निवड झाली.

१९१४ ची ग्रँड फायनल झाली २६ सप्टेंबरला. साउथ मेलबर्न विरुद्ध कार्लटन. युरोपात युद्ध सुरू होऊन सात-आठ आठवडे झाले होते. कार्लटनचे ६ गोल आणि ९ बिहाइंड, एकूण ४५. साउथ मेलबर्नचे ४ गोल आणि १५ बिहाइंड, एकूण ३९. गणित बघा. साउथने १९ वेळा गुण मिळवले, कार्लटनने १५ वेळा, आणि तरी साउथ ६ गुणांनी हरलं. एका गोलचा फरक. स्लॉस त्या दिवशी मैदानावरच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक होता. ज्याने कुणी आयुष्यात एक तरी मॅच अशी हरलेली बघितली आहे, त्याला त्या संध्याकाळी साउथ मेलबर्नच्या गल्ल्यांत काय वातावरण असेल ते वेगळं सांगायला नको. ही झाली त्याच्या आयुष्यातली मोठी मॅच. खरीखुरी.

पण नंतर त्याच्या पिढीला सांगितलं गेलं की ती मोठी नव्हतीच मुळी. खरा ‘मोठा खेळ’ तिकडे समुद्रापार चालू आहे.

हा ‘मोठा खेळ’ शब्दप्रयोग त्या काळात इंग्रजी जगात सगळीकडे बोकाळला होता. इंग्लंडच्या उच्चभ्रू शाळांमध्ये दोन पिढ्या हेच शिकवलं गेलं होतं की मैदानावर जो चांगला तो रणांगणावर चांगला. हेन्री न्यूबोल्टची एक प्रसिद्ध कविता आहे, ती शाळेच्या क्रिकेट मैदानावरून थेट वाळवंटातल्या लढाईत उडी मारते आणि दोन्हीकडे एकच घोषणा देते. १ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईत ईस्ट सरे रेजिमेंटच्या कॅप्टन नेव्हिलने आपल्या तुकड्यांना चक्क फुटबॉल दिले आणि ते लाथाडत जर्मन खंदकांकडे चाल करायला लावली. नेव्हिल त्याच दिवशी मेला. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याची १९ हजारांवर माणसं मेली. आणि देशातल्या वर्तमानपत्रांत कौतुक कशाचं झालं? फुटबॉलचं.

ऑस्ट्रेलियात याला आणखी एक पदर होता. तिथे सक्तीची परदेशी भरती नव्हती. सगळं सैन्य स्वयंसेवकांचं. म्हणजे सरकारला माणसं हवी असतील तर ती पटवूनच मिळवावी लागत. पन्नास लाखांहून कमी लोकसंख्येच्या त्या देशातून चार लाखांवर माणसं सैन्यात दाखल झाली आणि सुमारे साठ हजार मेली. एवढी माणसं पटवायची म्हणजे जाहिरात आली. आणि जाहिरात करायची तर गर्दी जिथे आहे तिथे करायची, हा मार्केटिंगचा साधा फंडा. गर्दी फुटबॉलच्या मैदानावर होती.

मग पोस्टरं निघाली. एका पोस्टरवर रणांगणावरचा ऑस्ट्रेलियन सैनिक आहे आणि त्याच्या मनात मायदेशातल्या खचाखच भरलेल्या मैदानाचं चित्र. ते येणारच नाहीत का, असा सवाल. १९१७ मध्ये तर फक्त खेळाडूंची एक हजारांची तुकडी उभारायची मोहीमच निघाली. तिच्या पोस्टरवर अल्बर्ट जॅकाचा फोटो होता. जॅका म्हणजे गॅलिपोलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा, त्या युद्धातला पहिला ऑस्ट्रेलियन. एकत्र भरती व्हा, एकत्र सराव करा, एकत्र लढा, असा त्या पोस्टरचा सूर. अगदी क्लबची मेंबरशिप दिल्यासारखा. गंमत म्हणजे याच जॅकाचे वडील सक्तीच्या भरतीविरुद्ध जाहीरपणे बोलत होते. त्यांचा फोटो अर्थातच कुठल्या पोस्टरवर आला नाही.

आणि ही शरम सगळ्यांना सारखी वाटली जात होती असंही नाही. इथे खरी मेख आहे. फुटबॉल हा मुख्यतः कष्टकरी वस्त्यांचा खेळ. कॉलिंगवुड, रिचमंड, फिट्झरॉय ही तेव्हाची कामगारांची उपनगरं. खेळाडूंना पैसे द्यायला लीगने १९११ साली रीतसर परवानगी दिली होती आणि दुपारच्या मॅचचे ते चार पैसे अनेकांच्या घराला हातभार लावत. हौशी खेळाचा अभिमान बाळगणाऱ्या वरच्या वर्गाला हे आधीपासून खुपत होतंच. युद्ध आल्यावर त्यांना देशभक्तीचं सोटं हातात मिळालं. लाज वाटत नाही का खेळायला, बघायला? शेवटी १९१६ च्या मोसमात लीगमध्ये फक्त चार क्लब उरले: कार्लटन, कॉलिंगवुड, फिट्झरॉय आणि रिचमंड. साउथ मेलबर्नही बाहेर. त्या चारांत फिट्झरॉय साखळीत तळाला राहिलं आणि तरी फायनल जिंकून विजेतं झालं, कारण चारही संघ बाद फेरीत होते! मोसमाची अवस्था काय होती ते यावरून कळतं.

आणि घोड्यांच्या शर्यती? मेलबर्न कप १८६१ पासून दर वर्षी होतो. १९१५ ला झाला, १९१६ ला झाला, १९१७ ला झाला, १९१८ लाही झाला. टोप्या घालून, पैजा लावून, साग्रसंगीत. कामगाराची शनिवार दुपार म्हणजे देशद्रोह आणि साहेबाचा घोडा म्हणजे परंपरा. हा ढोंगीपणा लक्षात घेतल्याशिवाय ‘खेळाडूंनी मैदान सोडून मोठ्या खेळात उडी घेतली’ हे वाक्य वाचूच नये. उडी घेतली खरी, पण मागून धक्का द्यायलाही बरेच हात होते.

स्लॉस सैन्यात गेला, अधिकारी झाला आणि दहाव्या मशीनगन कंपनीतून इंग्लंडला पोचला. ही कंपनी ऑस्ट्रेलियाच्या तिसऱ्या डिव्हिजनमधली. तिचा प्रमुख होता मेजर जनरल जॉन मोनॅश, मूळ पेशाने सिव्हिल इंजिनियर. (आपल्यातला माणूस :) ) सॅलिसबरीच्या माळावर डिव्हिजनचं प्रशिक्षण चालू होतं आणि शनिवार २८ ऑक्टोबर १९१६ ला लंडनमध्ये, क्वीन्स क्लबच्या मैदानावर, ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा एक प्रदर्शनी सामना ठरला. ऑलिम्पिक जलतरणपटू फ्रँक बोरिपेअरने आयोजनासाठी धावपळ केली. तिसरी डिव्हिजन विरुद्ध प्रशिक्षण तुकड्या. तिसऱ्या डिव्हिजनचा कप्तान ब्रूस स्लॉस. सुमारे तीन हजार प्रेक्षक, त्यात प्रिन्स ऑफ वेल्स आणि पोर्तुगालचा पदच्युत राजा मॅन्युएल. स्लॉसच्या संघाने ६ गोल १६ बिहाइंड विरुद्ध ४ गोल १२ बिहाइंड, म्हणजे ५२-३६ असा सामना जिंकला. त्याची मूक चित्रफीत काढली गेली आणि ती आजही बघायला मिळते.

आता तारीख परत वाचा. २८ ऑक्टोबर १९१६.

नेमक्या त्याच दिवशी ऑस्ट्रेलियात मतदान होतं. पंतप्रधान बिली ह्यूज यांना परदेशात लढायला सक्तीने माणसं पाठवायचा अधिकार हवा होता आणि त्यासाठी त्यांनी देशाला कौल मागितला. बाजूने १०,८७,५५७ मतं, विरुद्ध ११,६०,०३३. देशाने ‘नाही’ म्हटलं. आणि सैनिकांच्या मतांचं काय? बाजूने ७२,३९९, विरुद्ध ५८,८९४. म्हणजे जी माणसं प्रत्यक्ष गणवेशात होती, त्यांच्यापैकीही मत देणाऱ्या दर शंभरांत सुमारे पंचेचाळीस जणांनी सांगितलं की आणखी कुणाला जबरदस्तीने इकडे ओढू नका. पुढच्या वर्षी, २० डिसेंबर १९१७ ला, ह्यूज यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा ‘नाही’, आणि या वेळी जास्त फरकाने.

माझ्या मते हा दिवस कुठल्याही पोस्टरपेक्षा खरा आहे. एकीकडे लंडनच्या मैदानावर दाखवलं जातंय की बघा, खेळाडू कसे हसत हसत मोठ्या खेळाला आले आहेत. दुसरीकडे त्याच देशाचे लोक, एका वेळी एक मतपत्रिका, असं सांगतायत की हा खेळ नाही. खेळात नाव नोंदवायची सक्ती कुणी करत नाही आणि सक्ती करावीशी वाटते तेव्हाच कळतं की तो खेळ नाही. मतदान गुप्त होतं, त्यामुळे स्लॉसच्या तोंडी ‘हो’ किंवा ‘नाही’ घालायचा अधिकार मला नाही. पण तो पोस्टर छापणाऱ्यांनाही नव्हता.

नोव्हेंबरच्या शेवटी तिसरी डिव्हिजन फ्रान्समध्ये उतरली आणि आर्मांतिएर गावाजवळ तैनात झाली. तो शांत विभाग मानला जायचा. इतका शांत की सैन्यात त्याला ‘नर्सरी’ म्हणत. नव्या तुकड्यांनी खंदकात राहायची सवय करून घ्यायची जागा, बालवाडी. ४ जानेवारी १९१७ रोजी त्या बालवाडीत एक तोफगोळा येऊन पडला आणि ब्रूस स्लॉस मेला. वय २७. लंडनच्या मॅचला दहा आठवडेही झाले नव्हते.

आता सांगा, यात खेळ कुठे आहे? चेंडूच्या रेषेचा अंदाज घेऊन शेवटच्या क्षणी झेपावणं हे स्लॉसला येत होतं. कित्येक मैलांवरून, तुम्हाला न बघता, तुमचं नावही माहीत नसलेल्या माणसाने सोडलेल्या गोळ्यासमोर त्या कौशल्याची किंमत शून्य. त्या युद्धात सगळ्यात जास्त माणसं तोफांनीच मारली. चपळ आणि ढिम्म, शूर आणि घाबरट, सगळी एका मापाने. खेळात कौशल्याला, सरावाला, हिंमतीला काहीतरी अर्थ असतो, म्हणून तर आपण तो बघतो. तोफखान्याच्या युद्धात या तिन्हींचा अर्थच काढून घेतलेला असतो. या दोन गोष्टींना एकच नाव देणं ही भाषेची चूक नाही, ती लबाडी आहे. आणि मोनॅशचंच बघा. युद्धानंतर लिहिलेल्या पुस्तकात त्याने उत्तम आखलेल्या लढाईची तुलना वाद्यवृंदाच्या लिखित संगीताशी केली. ज्याला लाखभर माणसं हलवायची होती, त्याने फुटबॉलची उपमा घेतली नाही.

यावर दोन-तीन आक्षेप येणार हे मला दिसतंय, तेव्हा तेही घेऊन टाकू.

पहिला: अरे, ती माणसं स्वतःच्या इच्छेने गेली होती, स्वतःही हीच भाषा बोलत होती, तू कोण त्यांना शहाणपण शिकवणारा? अगदी बरोबर. कुणी साम्राज्यावरच्या निष्ठेने गेलं, कुणी जग बघायला, कुणी मित्र गेले म्हणून. कुणी दिवसाला सहा शिलिंग मिळतात म्हणूनही गेलं, आणि त्यात कमीपणा काही नाही. आपणही ऑनसाइट जाताना मातृभूमीचा विचार करत नाही. या माणसांची टिंगल करायचा माझा हेतू नाही, उलट त्यांच्या गोंधळलेल्या, मिसळलेल्या, खऱ्या कारणांवर एकच चकचकीत कारण चिकटवलं गेलं, याचाच राग आहे. माझं भांडण जाणाऱ्यांशी नाही, जे गेले नाहीत आणि पोस्टरं छापत राहिले त्यांच्याशी आहे.

दुसरा: खेळ शिस्त शिकवतो, संघभावना शिकवतो, ती सैन्यात उपयोगी पडतेच ना? पडत असेल. सुतारकामही शिस्त शिकवतं आणि भजनी मंडळही संघभावना शिकवतं. पण युद्धाला कुणी ‘मोठं भजन’ म्हणत नाही. खेळालाच का निवडलं? कारण खेळात मरण नसतं. खेळ म्हटलं की पुढच्या शनिवारी परत मॅच आहे, हे गृहीत असतं. जाहिरातीला नेमकं तेच गृहीत हवं होतं.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: निदान या निमित्ताने त्यांची आठवण तरी राहते. २५ एप्रिल १९१५ ला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचं सैन्य गॅलिपोलीत उतरलं, तो दिवस अँझॅक दिन म्हणून पाळला जातो. पहिल्याच दिवशी लीगमध्ये खेळलेले काही खेळाडू तिथे मेले. त्यात युनिव्हर्सिटी क्लबचा, वैद्यकीचं शिक्षण घेणारा रूपर्ट बाल्फही होता. ही युनिव्हर्सिटी टीम हौशी विद्यार्थ्यांची, सलग ५१ सामने हरून १९१४ नंतर लीगमधून बाहेर पडलेली. (५१! मला ही टीम फार आवडते.) १९९५ साली एसेन्डन आणि कॉलिंगवुड यांच्यात अँझॅक दिनाची खास मॅच सुरू झाली. पहिल्याच मॅचला ९४,८२५ लोक आले आणि मॅच १११-१११ अशी बरोबरीत सुटली. सामन्याआधी बिगुल वाजतो, अख्खं मैदान स्तब्ध उभं राहतं. ते दृश्य अंगावर काटा आणणारं आहे, हे मी नाकारत नाही.

पण शांतता संपली की काय होतं? ‘अँझॅक वृत्ती’ उत्तम दाखवणाऱ्या खेळाडूला पदक दिलं जातं. निकष काय, तर कौशल्य, धैर्य, आत्मत्याग, संघभावना आणि खिलाडूपणा. आता मला कुणी समजावून सांगा, दोन-अडीच तासांच्या मॅचमध्ये आत्मत्याग म्हणजे नक्की काय करायचं असतं? आणि गॅलिपोलीच्या कड्यांवर खिलाडूपणा कुठे होता? आठ महिन्यांनी माघार घ्यावी लागलेल्या, फसलेल्या मोहिमेतून हे पाच गुण गाळून काढले की ती मोहीम कुणी आखली, का फसली, हे प्रश्न आपोआप गळून पडतात. आठवण राहते, पण सोयीची राहते. पुन्हा तेच पोस्टर, फक्त शाई नवी.

मेलेला खेळाडू सोयीचा का असतो, हे बघायचं तर जिवंत परतलेल्याकडे बघा. डॅन मिनोग कॉलिंगवुडचा कप्तान. तोही सैन्यात गेला, तोही त्या लंडनच्या सामन्यात खेळला. तो परत आला आणि त्याने काय करावं? कॉलिंगवुड सोडून रिचमंडला गेला. १९२० च्या फायनलमध्ये त्याच्या रिचमंडने कॉलिंगवुडलाच हरवलं आणि १९२१ मध्येही विजेतेपद मिळवलं. असं सांगतात की कॉलिंगवुडच्या क्लबमधला त्याचा फोटो भिंतीकडे तोंड करून फिरवला गेला. चिडलेल्या चाहत्यांची बाजू मला समजते. पण यातला धडा बघा. जो परतला तो स्वतःचं डोकं चालवणारा, क्लब बदलणारा, लोकांना नाराज करणारा साधा माणूस राहिला. जो परतला नाही तो पुतळा झाला. पुतळा कधी क्लब बदलत नाही, आणि कशासाठी मेलो असंही विचारत नाही.

आणि हो, हे सगळं दूरच्या गोऱ्यांचं प्रकरण आहे असं समजू नका. २५ एप्रिलला अँझॅक सैन्याबरोबर गॅलिपोलीत उतरलेल्यांत भारतीय सैन्याचा पहाडी तोफखानाही होता. आणि त्याच काळात मराठा पलटणी असलेली सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात कूटच्या वेढ्यात अडकली होती. २९ एप्रिल १९१६ ला तिने शरणागती पत्करली आणि नंतर कैदेत असंख्य जवान मेले. त्यांना कुणी सार्वमत विचारलं नाही. विचारण्याचा प्रश्नच नव्हता. ऑस्ट्रेलियाच्या माणसाला निदान दोनदा ‘नाही’ म्हणता आलं. म्हणूनच त्या ‘नाही’चं मोल आपल्याला जास्त कळायला हवं, आणि कुणी लढाईला मॅचचे रंग फासून समोर ठेवलं की सगळ्यात आधी आपल्या कपाळावर आठी यायला हवी.

मग स्लॉसची आठवण ठेवायची कशी? साधं उत्तर आहे. खेळाडूची ठेवतात तशी. तो ज्या क्लबसाठी खेळला तो साउथ मेलबर्न १९८२ साली सिडनीला गेला, आज सिडनी स्वान्स म्हणून खेळतो. ४ गोल १५ बिहाइंड लक्षात ठेवा. १९ संधी आणि सहा गुणांनी हुकलेलं विजेतेपद, यावर अजूनही तावातावाने भांडता येईल, आणि कुठल्याही खेळाडूला याहून चांगलं स्मारक नसतं. सत्तावीस वर्षांपैकी एका तोफगोळ्याच्या क्षणाने आधीच्या सगळ्या शनिवारांना गिळून टाकू नये, एवढीच अपेक्षा आहे. तो मेला ते दुःखद आहे. ते दुःखदच राहू द्या, त्याला ट्रॉफी बनवू नका.

ती लंडनची चित्रफीत मिळाली तर जरूर बघा. थोडीशीच आहे, मूक आहे, माणसं पळतायत, उड्या मारतायत, एकमेकांवर पडतायत. पार्श्वसंगीत मनात वाजवू नका. मॅच आहे ती. मॅच म्हणूनच बघा.

असो. बरंच लांबलं. पटलं नसेल तर भांडायला या, चहा माझ्याकडून. फक्त त्या भांडणाला ‘शब्दयुद्ध’ म्हणू नका.